लगामाच्या दुसऱ्या टोकाला

गेल्या अंकात या सदरातून घोडेस्वारी आणि मनःस्वास्थ्य यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांमागची ओढ एकच आहे : आठवडाभर लोकलची गर्दी, कार्यालयातला ताण आणि अपुरी झोप सोसल्यावर रविवारी पहाटे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर किंवा शहराबाहेरच्या एखाद्या पागेत जावे आणि घोड्याच्या सहवासात थोडे शांत व्हावे. ही ओढ मी जाणते, कारण तिनेच मलाही या जनावरापर्यंत नेले. मात्र बावीस वर्षे शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की घोड्यापाशी शांतता मागायला जाताना ती थोडी तरी आपल्यासोबत न्यावी लागते. पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांत सर्वांना उपयोगी पडेल असे बरेच असल्याने त्यांची उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय ४३, बँकेत नोकरी करते. चार महिन्यांपासून दर रविवारी घोडेस्वारी शिकते आहे. रोज सकाळी वीस मिनिटे प्राणायाम करते आणि त्याचा मला निश्चित फायदा झाला आहे. तरीही मी बसले की घोडी मान वर करते, कान सारखे हलवते आणि दुडकी चाल सुरू केली की घाईघाईने पळू लागते. आमचे सर बसले की हीच घोडी अगदी गरीब गायीसारखी चालते. माझे नेमके काय चुकते?

उत्तर : ताई, तुमच्या शरीरात काय चालले आहे ते घोडीला तुमच्याआधी कळते आहे, एवढेच घडते आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. त्यात माणसांना घोडा घेऊन एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत चार वेळा जायचे होते. चौथ्या फेरीच्या आधी त्यांना सांगण्यात आले की या वेळी तुम्ही जवळून जाताना एक छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ज्यांना छत्रीबद्दल काही कळण्याचा मार्गच नव्हता, त्या घोड्यांचेही वाढले.

हे कसे होते, त्यात गूढ असे काही नाही. अंगावर बसलेली एक माशीदेखील घोड्याला जाणवते आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो ती उडवतो. अशा कातडीवर, पाठीच्या स्नायूंवर, तुम्ही बसलेल्या असता. भीती वाटली की आपण प्रथम श्वास धरतो. श्वास धरला की पोट आणि कंबर ताठ होते, मांड्या आवळल्या जातात, टाचा वर येऊन घोडीच्या कुशीला लागतात आणि त्याच क्षणी मुठी लगामावर घट्ट होतात. टाच तिला पुढे जायला सांगते, लगाम थांबायला सांगतो. या दोन हुकमांच्या कात्रीत सापडलेली घोडी मग तिच्या जातीचा सर्वांत जुना मार्ग धरते, म्हणजे मान उंच करून चारी दिशा न्याहाळायच्या आणि पळायचे.

तुमचा प्राणायाम वाया गेलेला नाही. त्याला सतरंजीवरून उठवून तबेल्यापर्यंत आणायचे राहिले आहे. घरी तुम्ही डोळे मिटून, स्थिर बसून श्वास घेता. घोड्यावर डोळे उघडे, शरीर हलते आणि खाली साडेचारशे-पाचशे किलोंचा एक सजीव प्राणी, त्यामुळे तोच श्वास तिथे आपोआप येत नाही. तो पायरीपायरीने न्यावा लागतो. मुलुंडहून गाडी पकडून, दादरला बदलून, शेवटी टॅक्सीने धावतपळत तुम्ही ऐन वेळी पोहोचत असाल, तर पहिला बदल तिथेच करा आणि वीस मिनिटे आधी पोहोचा. घोडीचा खरारा तिची निगा राखणाऱ्या मोतद्दाराकडून शिकून घ्या आणि त्या दिवसापासून तो तुम्हीच करा. मान, खांदा, पाठ आणि पुठ्ठे यांवर रबरी खरारा गोलाकार फिरवायचा, तोंड आणि पायांची हाडे सोडायची, मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने ओढायचा. हे करताना एकदा थांबून तिच्या कुशीवर तळहात टेकवा आणि मिनिटभर तिचे श्वास मोजा. निवांत घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळाच श्वास घेतो आणि त्याच्या हृदयाचे ठोके २८ ते ४४ च्या आसपास असतात. तिच्या गतीला गाठण्याचा प्रयत्न करू नका. आपला उच्छ्वास आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब होऊ द्यावा, एवढेच पुरे. थोड्या वेळाने ती मागचा एक पाय खुराच्या टोकावर सैल टेकवेल, खालचा ओठ लोंबेल, पापणी जड होईल. खोगीर त्यानंतर चढवायचे. खुणा दिसल्या नाहीत तर त्या दिवशी स्वारी उशिरा सुरू झाली तरी चालेल, हे सरांना मोकळेपणाने सांगा.

बसल्यावर पहिली दहा मिनिटे लगाम लांब सोडून साधी चाल चालवा. तिचा डावा-उजवा मागचा पाय पुढे येताना तुमच्या कमरेची कोणती बाजू खाली जाते, ते ओळखण्याकडे लक्ष द्या. दुडकी सुरू करायच्या आधी मोठ्याने पाढे म्हणायला लागा. सतराचा किंवा एकोणिसाचा घ्या, म्हणजे लक्षही त्यात गुंतेल. पाठ असलेले एखादे स्तोत्रही चालेल. उच्चार चालू असताना माणसाला श्वास धरून ठेवता येत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांमध्ये या एका युक्तीने जेवढे काम झाले आहे, तेवढे दुसऱ्या कशाने झालेले मला आठवत नाही. काही आठवडे सरांना लांब दोरीवर, म्हणजे लंजवर, घोडी गोल फिरवायला सांगा. दिशा आणि वेग त्यांच्या हातात राहिला की तुम्हाला फक्त बसायचे शिकता येईल. भस्त्रिका आणि कपालभाती मात्र स्वारीच्या अगदी आधी करू नका. त्या क्रियांनी अंगात येणारी तरतरी एरवी चांगली, पण इथे ती घोडीपर्यंत पोहोचते.

प्रश्न : मित्राच्या साथीने मी शर्यतीतून निवृत्त झालेला सात वर्षांचा घोडा घेतला आहे. तो कर्जतजवळ एका शेतावर असतो. आम्ही शनिवार-रविवार वसईहून जातो. लगाम ओढला की तो थांबण्याऐवजी अधिकच जोर करतो. सांभाळणारे काका म्हणतात की कडक लगाम घाला आणि चाबूक दाखवा, नाहीतर तो डोक्यावर बसेल. मला मारायचे नाही. पण खरे सांगायचे तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझाही संताप होतो आणि हात जोरात ओढला जातो.

उत्तर : शेवटचे वाक्य तुम्ही लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी घोड्याची बाजू पाहू. शर्यतीत जॉकी लगाम आवळून धरतो आणि घोडा त्या आधारावर झेपावतो. तुमच्या घोड्याचे शिक्षण असे आहे की आवळलेला लगाम म्हणजे धावायची वेळ. तुम्ही ओढता तेव्हा तो हट्ट करीत नसून लहानपणी शिकलेला धडा प्रामाणिकपणे म्हणून दाखवतो आहे.

कडक लगामाविषयी एक गोष्ट लक्षात घ्या. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधोमध घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते आणि तोंडातली लोखंडी कडी तिथे बसते. त्या जागी पातळ हिरडीखाली लगेच हाड आहे. आपल्या नडगीवर कोणी सळई दाबली तर जे होईल, त्यासारखेच ते दुखणे आहे. दुखण्यापासून पळणे हा घोड्याचा स्वभावच असल्याने कडक कडीने तो आज थांबेल आणि महिनाभराने अधिक जोर करील. म्हणून सर्वांत आधी पशुवैद्याकडून दात, पाठ आणि खुरे तपासून घ्या. दाढांना आलेली धार गालाला आतून कापत असेल, तर जगातले कोणतेही शिक्षण कामाला येणार नाही.

तपासणी झाली की सहा आठवडे त्याला जमिनीवरून शिकवा. साध्या म्होरकीला दोरी बांधून त्याच्या खांद्याजवळ उभे राहा. दोरी मागच्या दिशेने इतकी हलकी ताणा की दोन बोटांत धरलेला कागद फाटू नये. आता वाट पाहा. तो मान ताठ करील, बाजूला सरकेल, कदाचित पुढे रेटेल. तुम्ही ताण वाढवू नका आणि सोडूही नका. मग केव्हातरी त्याचे वजन अगदी किंचित मागे जाईल, पाऊलही उचललेले नसेल, तेवढ्यात दोरी पूर्ण सैल सोडा. घोडा ताणामुळे शिकत नाही, ताण सुटतो त्या क्षणामुळे शिकतो, आणि तो क्षण तुम्ही एक-दोन सेकंदांनी चुकवलात तर तो भलतेच काही शिकून बसतो. सैल सोडल्यावर तो जीभ फिरवतो, तोंड चघळल्यासारखे करतो. त्याला ‘समजले’ असा याचा अर्थ बरेचजण लावतात. अंगातला ताण नुकताच उतरू लागल्याची ती खूण आहे, असे मानणे अधिक योग्य. तेव्हा घाई न करता अर्धा मिनिट त्याला तसेच राहू द्या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक धडा नको. जमिनीवर हा ताण-सैल त्याला पक्का कळला की तोच अर्थ पाठीवरून, मऊ कडीने, चालीत शिकवता येईल. दुडकी आणि त्यापुढचे नंतर.

शर्यतीच्या काळातला दाण्याचा रतीब अजून चालू असेल तर तोही उतरवा. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि दिवसभर थोडे थोडे गवत खाण्यासाठी बनलेले असते. दाणा जास्त आणि काम फक्त शनिवार-रविवार, या जोडीने तापट घोडा तयार होतो आणि पोटशूळही उद्भवू शकतो. गवत भरपूर द्या, दाणा हळूहळू कमी करा, रोज काही तास मोकळे फिरू द्या. कर्जतच्या पावसात मात्र खुरांचे तळवे रोज कोरडे करून पाहायला हवेत. काळसर, दुर्गंधी येणारा भाग दिसला तर वैद्यांना दाखवा.

आता तुमच्या संतापाविषयी. तो तिसऱ्या-चौथ्या वेळेला येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे तो येण्याआधी थांबण्याची सोयही तुमच्याकडे आहे. दुसऱ्या प्रयत्नानंतर धडा थांबवा. त्याला नक्की जमते असे एखादे सोपे काम सांगा, ते झाले की मानेवर हात फिरवा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करा आणि शेतावर एक चक्कर मारून या. चालताना जबडा आणि खांदे आवळलेले आहेत का ते पाहा. राग मुठीत उतरण्याआधी तिथे दिसतो. ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची मोठी छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागावलेला चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले होते. तुमचा घोडा तर छायाचित्र नव्हे, तुम्हाला पाहतो आहे.

काकांशी वाद घालू नका. आठवड्याचे पाच दिवस तोच माणूस घोड्याजवळ असतो. महाभारतात नकुलाने विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडे सांभाळण्याचे काम पत्करले, ते काम या लोकांचे आहे आणि त्यांच्या डोळ्यांना जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. दोरीचा धडा त्यांच्यासमोर करा, जमल्यास त्यांच्या हातूनच करवून घ्या.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, गिरगावात राहते. नियमित योगासने करते. हाडांची घनता कमी असल्याचे दोन वर्षांपूर्वी निदान झाले आहे. घोड्यावर बसण्याची लहानपणापासूनची इच्छा आहे. आता सुरुवात करावी का?

उत्तर : बाई, वयाची अडचण नाही, हाडांची आहे. उत्तम शिकवलेल्या घोड्यावरूनही माणूस पडतो आणि ती उंची आपल्या खांद्याएवढी, कधी अधिकही असते. म्हणून तुमच्या अस्थितज्ज्ञांना ‘घोड्यावरून पडण्याची शक्यता धरून’ विचारा. नुसते ‘व्यायाम करू का’ असे विचारल्यास ते होच म्हणतील. त्यांनी नको म्हटले तर स्वारी सोडा, घोडा सोडू नका. खरारा करणे, म्होरकी धरून सोबत चालणे, दोरीवर मागे-पुढे चालवणे यांत या विद्येचा मोठा भाग येतो आणि तो मला तरी स्वारीहून कमी वाटत नाही. योगासनांनी तुमचा तोल आणि संथपणा तयार झालेला आहे, त्याचा इथे उपयोग होईल. पायांत बंद, कडक बूट हवेत. घोड्याचा खूर चपलेवर पडला तर बोटे मोडतात.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, दादरला राहतो. विपश्यना शिबिर केल्यापासून एक प्रश्न छळतो. माथेरानला मित्रांसोबत गेलो असताना घोड्यावर बसायला मन तयार झाले नाही. घोड्यावर बसणे हीच हिंसा नाही का? मग ‘प्रेमाने शिकवणे’ या शब्दांना काय अर्थ राहतो?

उत्तर : तुमच्या प्रश्नाला मी पळवाट काढणार नाही. घोड्याची पाठ माणूस वाहण्यासाठी बनलेली नाही आणि आपण बसतो ते आपल्या आनंदासाठी किंवा सोयीसाठी. म्हणून बसणाऱ्यावर एक रोजचे देणे येते, असे मी मानते : घोडा काय सांगतो ते बसण्याआधी पाहायचे आणि तो नाही म्हणाला तर ऐकायचे.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मी जिथे शिकवत असे, तिथल्या एका घोड्याने तंग आवळताना कान मागे पाडून माझ्या बाहीकडे तोंड टाकायला सुरुवात केली. तो आळशी झाला असे मी ठरवले आणि पंधरा दिवस त्याला दटावत राहिले. एके दिवशी खोगीर धुण्यासाठी उलटे केले, तेव्हा आतला लाकडी सांगाडा एका बाजूला तडकलेला दिसला. माझे वजन त्या तड्यावर पडून त्याच बाजूने त्याच्या पाठीत रुतत होते. त्याच्या पाठीवर डाव्या बाजूला हात फिरवला, तर तो गुडघे वाकवून खाली दबला. तो पंधरा दिवस हेच सांगत होता. तेव्हापासून स्वारीआधी आणि स्वारीनंतर मी प्रत्येक पाठीवरून उघडा तळहात फिरवते आणि विद्यार्थ्यांकडूनही फिरवून घेते.

माथेरानविषयी. तिथे मोटारींना बंदी असल्याने माणसे आणि सामान वाहण्याचे बरेचसे काम घोड्यांवर आहे आणि घोडेवाल्यांची घरे त्यावर चालतात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून बंद करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला, तेव्हा घोड्यांबरोबर त्या माणसांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न उभा राहिला होता. माझा आग्रह असा की सरसकट पाठ फिरवण्यापेक्षा पारखून घ्यावे. खोगिराच्या कडेखाली, तंगाजवळ आणि ओठांच्या कोपऱ्यांत जखमा आहेत का, फासळ्या मोजता येतात का, चालताना डोके प्रत्येक पावलागणिक वर-खाली होते का, ते पाहा. असे डोके हलणे ही लंगडण्याची खूण असते. खोगिरासकट स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. अडीचशे किलोंच्या तट्टासाठी ते पन्नास किलो होते. म्हणजे तुमच्यासारख्या धडधाकट तरुणाने लहान तट्टावर बसू नये, हे तुमच्या मनाने बरोबर ओळखले. निरोगी घोडा दिसला तर त्याच्या मालकाला तसे सांगा, भाडे द्या आणि घोड्याबरोबर चालत जा. चांगल्या निगेला गिऱ्हाईक मिळते, हे त्यालाही दिसू द्या.

प्रश्न : मी १३ वर्षांची आहे, पार्ल्याला राहते. मे महिन्यात कुत्रा अचानक मागून आला, घोडा उडाला आणि मी पडले. मनगट मोडले होते, ते आता बरे झाले आहे. पण शनिवारी रात्रीच पोटात कळा येतात आणि झोप लागत नाही. बाबा म्हणतात, लगेच चढलीस तरच भीती जाईल. मी भित्री आहे का?

उत्तर : अगं, अजिबात नाही. तुझ्या पोटाला ते पडणे आठवते आहे आणि त्याने आठवण ठेवणे योग्यच आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या अगदी मागचे तेवढे दिसत नाही. मागून धावत आलेला कुत्रा त्याला एकदम दिसला असणार. तोही घाबरला होता, त्याने तुला मुद्दाम पाडले नाही.

‘लगेच चढ’ हा सल्ला बाबा प्रेमाने देतात, पण मला तो पटत नाही आणि हे तू त्यांना वाचायला दे. भीती दाबून चढलेल्या मुलीचे पाय आवळलेले असतात, ते घोड्याला कळते आणि तो पुन्हा बिचकतो. पहिले तीन रविवार पागेत जा, पण बसायचे नाही, हे घरीच ठरवून टाका. ठरलेले असले की शनिवारी रात्री पोटाला दुखायचे कारण कमी होईल. चौथ्या रविवारी तयार वाटले तर कोणीतरी म्होरकी धरून चालवील अशा घोड्यावर दहा मिनिटे बस. नाही वाटले तर पाचव्याला. शनिवारी अंथरुणात पाठीवर पडून पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव आधी आवळायचा आणि मग सोडून द्यायचा. बहुतेक वेळा मानेपर्यंत येण्याआधीच झोप लागते. त्यानंतरही कळा थांबल्या नाहीत तर आईबरोबर डॉक्टरांकडे जा. आणि पडताना जे हेल्मेट डोक्यावर होते ते आता वापरू नकोस, तडा दिसत नसला तरी. आतले आवरण एकदाच मार झेलते.

येत्या रविवारी मोतद्दारकाकांना विचारून त्याच घोड्यासाठी एक गाजर ने. गोल चकत्या त्याच्या घशात अडकू शकतात, म्हणून ते उभे चिरून ने. त्याच्या नाकासमोर न जाता थोडे बाजूने, खांद्याच्या रेषेत उभी राहा, त्याला हाक मार, मग तळहात अगदी सपाट करून, अंगठा बोटांना चिकटवून पुढे धर. त्याचे ओठ मिशांसारख्या राठ केसांनी तुझ्या हातावर चाचपत येतील. हात मागे न घेता तेवढा वेळ श्वास सोडत राहा.